दगडाखालची डबी

लहानपणी गुप्तधनाच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. पण ते शोधण्याचा योग आला तो साठीनंतर, आणि तोही परक्या मुलखात! अमेरिकेतील ऑरेगन राज्यात मी बहिणीकडे गेलो होतो. एके सकाळी माझी बारा वर्षांची भाची म्हणाली, "मामा, चला, डबी शोधायला जाऊ."

या खेळाला 'जिओकॅशिंग' म्हणतात. एकाने डबी दडवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी उपग्रहांच्या संकेतांवरून ती हुडकून काढायची. या संकेतांत मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकन सरकारने २ मे २००० रोजी काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी या क्लॅकमस काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, एकाने रानात पहिली बादली दडवली.

मला हा निव्वळ पोरखेळ वाटला. हूड पर्वताच्या वाटेवर, लॉरेल हिल नावाच्या उतारापाशी, रस्त्याच्या कडेला आम्ही अर्धा तास दगड उलथीत होतो. अखेर डबी सापडली. आत सोने नव्हते की नाणे नव्हते. होती एक नोंदवही आणि घडी घातलेला एक कागद. माझा विरस झाला. भाची मात्र कागद वाचून दाखवू लागली.

पश्चिमेकडे वसतीसाठी निघालेली कुटुंबे सुमारे २००० मैल चालून येत. शेवटी कोलंबिया नदीच्या भयंकर ओघातून त्यांना गाड्या तराफ्यांवर घालून न्याव्या लागत. ते संकट टळावे म्हणून सॅम्युएल बार्लो याने १८४६ साली डोंगरातून हा रस्ता काढला. पथकर गाडीमागे ५ डॉलर, जनावरामागे १० सेंट. पण या उतारावर बैलांचे पाय ठरत ना. मग लोक गाडीला दोर बांधीत, तो झाडाच्या बुंध्याभोवती गुंडाळीत आणि हळूहळू सैल सोडीत गाडी खाली उतरवीत. दोरांनी बुंध्यांवर खोल खाचा पडल्या. ज्यांची ही भूमी होती, त्या मूळ रहिवाशांना मात्र याच लोंढ्यामुळे आपले घरदार सोडावे लागले.

मी मान वर करून पाहिले. क्षणापूर्वी जो नुसता उतार होता, तेथे आता मला ताणलेले दोर दिसू लागले, बायामुलांचा आक्रोश ऐकू येऊ लागला.

इतक्यात भाचीने विचारले, "मामा, आपल्या गावच्या वेशीवर लढणाऱ्या माणसाचा दगड आहे ना? त्याची गोष्ट काय?"

मी निरुत्तर झालो. तो वीरगळ. त्याला टेकून बसून मी बालपणी चिंचा खाल्ल्या होत्या. कोणा वीराने प्राण वेचले, त्याची ती खूण. पण तो कोण, कोणासाठी झुंजला, हे मी कधी कोणाला विचारलेच नाही. आजोबांना ठाऊक असेल. पण ते जाऊनही आता चाळीस वर्षे झाली.

नोंदवहीत आम्ही आमची नावे लिहिली आणि पुढच्या वाटसरूसाठी डबी होती तशी दगडाखाली ठेवली.

आमच्या गावात नव्वदी ओलांडलेले एक वृद्ध गृहस्थ अजून आहेत. परतल्यावर प्रथम त्यांच्या ओसरीवर जाऊन बसायचे, असे मी तेथेच ठरवले.