जोड असलेलं जाकीट

९ जानेवारी २०२५
शटर वर करतो न करतो तोच गल्लीतला पोरगा दारात. हैदराबादला नोकरीला असतो, संक्रांतीला गावी आलाय. पिशवीतून जाकीट काढून टेबलावर ठेवलं तर सगळं टेबल झाकून गेलं. बाहेरून तपकिरी कातडं, आतून बोटभर लोकर. "मामा, चेन तुटलीय, बसवून द्या. लढाईतलं आहे, पायलटचं. अस्सल." किती दिले विचारलं. आधी गप्प बसला, मग म्हणाला चाळीस हजार.

घाट ओळखीचा आहे, इर्विनचा. लेस्ली इर्विन हा पॅराशूट बनवणारा अमेरिकन. त्यानं इंग्लंडात लेचवर्थला कारखाना काढला आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला वैमानिकांसाठी हे जाकीट आणलं. वर गेलं की दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंश गारवा वाढतो. वीस हजार फुटांवर उणे पंचवीसच्या आसपास. तिथं माणूस बोटं हलवू शकला पाहिजे, एवढ्यासाठी हे कातडं.

चेन बसवतो म्हटलं, पण दोन दिवस ठेव. नीट बघू दे.

१० जानेवारी
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. जाकीट उलटं करून उन्हात धरलं. आतल्या शिवणीतून दोऱ्याचं एक टोक काढून काडी लावली. राख झाली नाही, वितळून काळा मणी झाला. म्हणजे पॉलिस्टर. सुती दोरा जळला की कागदासारखी राख होते. मग लोकरीची चार केसं जाळली. केस जळाल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरगळली गेली. लोकर खरी आहे, एवढं समाधान.

तुटलेली चेन नायलॉनची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या चेनचे दात धातूचे असायचे. छातीशी दोन तिरके खिसे. कारखान्यातून निघालेल्या इर्विनला बाहेर खिसे नसत. कुणी वैमानिकानं मागाहून खिसा शिवून घेतला असेल तर त्याचा टाका वेगळा दिसतो. इथं खिशाचा आणि अंगाचा टाका एकाच मशिनचा. बाह्यांना चेन मात्र आहे. हातमोज्यावरून बाही ओढून घेता यावी म्हणून ती असते. कॉलरमागे पट्टा आणि कडीही आहे. ज्यानं शिवलं त्यानं फोटो बघून शिवलंय, खरं जाकीट हातात धरून नाही.

११ जानेवारी
पोरगा संध्याकाळी डोकावला. म्हणाला, "मामा, एक शंका आहे. पाठीत एवढे जोड का? मला वाटतं म्हणूनच हे डुप्लिकेट असेल."

नेमकं उलटं आहे, आणि ते त्याला समजावण्यात माझा अर्धा तास गेला. मेंढीचं कातडं केवढं असतं? म्हशीच्या कातड्यासारखा मोठा तुकडा नाही मिळत. सुरुवातीच्या जाकिटांना मोठाले तुकडे वापरले. लढाई पेटली, मागणी वाढली, तेव्हा लहान तुकडेही वाया घालवणं परवडेना. मग पाठ आणि बाह्या जोडून जोडून शिवल्या, प्रत्येक जोडावर कातड्याची बारीक पट्टी मारली. पट्टीनं शिवण दबते, वारा आत शिरत नाही. हे जाकीट त्या काळातल्या जाकिटाची नक्कल आहे आणि जोड ठेवले हे बनवणाऱ्यानं बरोबर केलं. फक्त पट्टी चिकटवून एकच ओळ शिवलीय, ती दोन वर्षांत उसवेल.

रापी धरायला शिकलो तेव्हा वडील सांगायचे, जोड लपवू नकोस, बळकट कर. ते आज फार आठवले.

आपल्या दख्खनी मेंढीच्या कातड्याचं असं जाकीट होत नाही. तिची लोकर काळी, भरड, विरळ. तिचं घोंगडं होतं आणि ते पावसात टिकतं. प्रत्येक मेंढीचं काम वेगळं.

१३ जानेवारी
छातीवरचा बिल्ला राहिला होता. वर 'हैदराबाद स्क्वॉड्रन', खाली १५२. पोरगा म्हणाला, यामुळेच घेतलं. त्याचा पणजोबा निजामाच्या राज्यात शेतसारा भरत होता.

हैदराबाद स्क्वॉड्रनची गोष्ट खरी आहे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, निजामाच्या पैशातून आलेली डीएच ९ए विमानं ब्रिटिश हवाई दलाच्या ११० नंबरच्या स्क्वॉड्रनला मिळाली. दुसऱ्या महायुद्धात १५२ नंबरच्या स्क्वॉड्रनला हैदराबादचं नाव मिळालं. त्याच्या चिन्हावर निजामाची दस्तार आहे. १९४० च्या उन्हाळ्यात या स्क्वॉड्रनची स्पिटफायर विमानं डॉर्सेटमधल्या वॉर्मवेलहून उडत होती, पुढं ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढली. आमचं देगलूर तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं, १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत. निजामाच्या खजिन्यात इथल्या ज्वारी-कापसाचा वाटा नव्हता असं कोण म्हणेल? ही माहिती आमच्या शाळेत कुणी सांगितली नाही. सांगायला हवी होती.

पण बिल्ला चुकीच्या जागी आहे. जाकिटावर चित्रं, बिल्ले लावायची हौस अमेरिकन वैमानिकांची, त्यांच्या ए-२ जाकिटांवर. इंग्रजांची इर्विन बहुतेक साधीच असत.

१५ जानेवारी
संक्रांत झाली. धातूची चेन आणून बसवली, पट्ट्यांवर दुसरी ओळ मारली, खिसे तसेच ठेवले. बिल्ला काढायचा का विचारलं. तो थोडा थांबला, म्हणाला, आतल्या बाजूला शिवा.

शिवला. त्याच्याखाली कापडाची एक चिठ्ठी शिवली, तिच्यावर पक्क्या शाईनं लिहिलं : 'नक्कल. दुरुस्ती देगलूर, २०२५.' पुढं कुणी विकत घेतलं तर त्याला कळेल. मजुरी साडेआठशे झाली.