एका पायाचा ठेका

हेवी मेटल म्हटलं की आमच्या वयाची मंडळी कानावर हात ठेवतात. नुसता गोंगाट, म्हणतात. पण ज्याने रंगरूट असताना ढोलाच्या ठोक्यावर मिनिटाला 120 पावलं टाकली आहेत, त्याचा कान आधी ड्रमरकडेच जातो. मला हे संगीत लागलं ते दिमापूरच्या ट्रान्झिट कॅम्पात, एका नागा साथीदाराच्या कॅसेटवरून. गाणारा काय ओरडतोय ते कळायचं नाही. मागे वाजवणारा मात्र ड्रिल उस्तादाच्या ‘बायें-दायें’इतका स्पष्ट कळायचा.

पुढे माझी बदली कोलकात्याला झाली, फोर्ट विल्यममध्ये. त्याला आता विजय दुर्ग म्हणतात. तेव्हा आमच्या पलटणीचा एक नाईक अलिपूरच्या कमांड हॉस्पिटलमध्ये दाखल होता. ईशान्येकडच्या गस्तीवर स्फोट झाला आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गडी साताऱ्याकडचा. गावात ताशा वाजवायचा आणि पलटणीच्या जाझ बँडमध्ये ड्रमसेटवर बसायचा. बडाखान्याला त्याच्याशिवाय रंग चढत नसे.

पहिल्या भेटीत तो म्हणाला, “साहेब, पेन्शन मिळंल, नकली पाय पण मिळंल म्हणत्यात. पण वाजवणं गेलं.” आणि जरा थांबून, “रात्री नसलेला पाय ठेका धरतो.”

ज्यांनी सेट जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या मिलिटरी बँडमध्ये बास ड्रम एकाकडे, साइड ड्रम दुसऱ्याकडे आणि झांजा तिसऱ्याकडे असतात. 1909 च्या सुमारास शिकागोच्या लुडविगने चांगलं चालणारं पायाचं पेडल बाजारात आणलं आणि तिघांचं काम एकाने बसून करणं सोपं झालं. उजवा पाय बास ड्रमवर, डावा पाय हाय-हॅट नावाच्या झांजांच्या जोडीवर, डावा हात स्नेअरवर आणि उजवा हात झांजांवर. म्हणजे सेट ही चार जणांची तुकडी आहे. त्यातला एक गेला की त्याचं काम कोण करणार?

याचं उत्तर आणलं तिथल्या फिजिओथेरपीच्या बंगाली पोराने. तो ‘फॉसिल्स’चा भक्त. रूपम इस्लामचा हा कोलकात्याचा बंगाली रॉक बँड 1998 पासून वाजतोय. पोराने मोबाइलवर ‘डेफ लेपर्ड’चा रिक अ‍ॅलन दाखवला. इंग्लंडच्या शेफिल्डचा हा बँड. 31 डिसेंबर 1984 ला मोटार उलटली आणि अ‍ॅलनचा डावा हात खांद्यापासून गेला. वय 21. त्याने इलेक्ट्रॉनिक पेडलं बनवून घेतली आणि डाव्या हाताचं काम डाव्या पायाला शिकवलं. ऑगस्ट 1986 मध्ये डॉनिंग्टनच्या मोठ्या जलशात तो हजारो लोकांसमोर बसला. पुढच्याच वर्षी आलेला ‘हिस्टेरिया’ हा त्यांचा सगळ्यात जास्त खपलेला अल्बम. या अ‍ॅलनने पुढे अमेरिकेतल्या जखमी सैनिकांसाठीही ड्रम घेऊन काम केलं.

नाईकाने सगळं पाहिलं आणि म्हणाला, “त्यांचे पाय दोन्ही शाबूत हायत, साहेब. माझं उलटं आहे.”

बरोबरच होतं. आणि मेटलमध्ये डावा पाय म्हणजे साधी गोष्ट नाही. ‘स्लेयर’चा डेव्ह लोम्बार्डो घ्या. जन्म हवानाचा. 1986 चा ‘रेन इन ब्लड’ अल्बम अर्ध्या तासाचासुद्धा नाही, पण त्यात त्याचे दोन पाय दोन बास ड्रमवर असे चालतात की मशीनगनच आठवते. पुढच्या कित्येक पोरांनी त्याच्यावरून डबल बास गिरवला. नाईकाला तेच ठाऊक होतं: मेटल म्हणजे दोन पाय.

मग मी माझ्या कॅसेटवाला माणूस काढला. ‘आयर्न मेडन’चा निको मॅकब्रेन. 1982 च्या शेवटी तो बँडमध्ये आला आणि 1983 च्या ‘पीस ऑफ माइंड’पासून त्याचं वाजवणं ऐकायला मिळतं. त्यातलं ‘द ट्रूपर’ क्रिमियाच्या युद्धातल्या 1854 च्या बालाक्लावाच्या घोडदळावर आहे. ठेका म्हणजे घोड्याची दौड. ऐकणाऱ्याला वाटतं, दोन पायांशिवाय हे अशक्य. पण मॅकब्रेन रेकॉर्डवर एखादा अपवाद सोडला तर कायम एकच बास पेडल वापरत आला. बास ड्रमवरची सगळी दौड उजव्या पायाची.

नाईकाने ते गाणं तीनदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा चादरीवरून उजवा पंजा हलायला लागला.

आणखी एक गोष्ट मी ‘ब्लॅक सॅबथ’च्या बिल वॉर्डकडून घेतली होती. 13 फेब्रुवारी 1970 ला त्यांचा पहिला अल्बम आला आणि बरेच जण मेटलचा जन्म तिथेच धरतात. वॉर्ड मुळात जाझ ऐकून शिकलेला. त्याच्या हातात वेगापेक्षा झोका जास्त. मोठा ड्रमर मी वेगावरून ओळखत नाही. जेवढे अवयव आहेत तेवढ्यांत काम कसं वाटतो, त्यावरून ओळखतो. तुकडी कमी नफरीत मोर्चा कशी सांभाळते, तसंच हे.

तेवढ्यात पूजा आली. सियालदह स्टेशनाबाहेर गावोगावचे ढाकी जमतात, वाजवून दाखवतात आणि मंडळवाले त्यांना ठरवून नेतात. हॉस्पिटलजवळच्या मांडवातही एक बाप-लेक आले होते. खांद्याला पांढऱ्या पिसांचा ढाक, हातात दोन बारीक काठ्या, शेजारी पोराची काशाची थाळी. नाईक कुबड्यांवर फाटकापर्यंत आला आणि बराच वेळ फक्त ढाकीचे हात बघत राहिला. परत येताना म्हणाला, “ह्यांना पाय लागतच न्हाई.”

दुसऱ्या दिवशी फिजिओच्या पोराने रबराचा सरावाचा पॅड आणून दिला. अडचणी खऱ्या होत्या. डावा पाय नुसता हाय-हॅट दाबत नाही, स्टुलावरचा तोलही धरतो. उजवा पाय उचलला की गडी डावीकडे कलंडायचा. मग पाठ टेकायची खुर्ची घेतली. पुढे पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात पाय बसला. पण त्या पायाला घोटा वळवता येईना, म्हणून त्याने हाय-हॅटच्या झांजा आवळून कायमच्या मिटवल्या आणि उघड्या झांजेचं काम उजव्या हाताला दिलं. वर्षभर रोज तासभर सराव. मेडिकल बोर्डाने लो मेडिकल कॅटेगरी देऊन त्याला पलटणीतच ठेवलं, स्टोअरमध्ये. पुढच्या बडाखान्याला तो सेटवर बसला. दोन ठिकाणी ठेका घसरला, तेवढे दोन्ही वेळा शिट्ट्या जास्त झाल्या.

जानेवारी 2023 मध्ये मॅकब्रेनला स्ट्रोक आला आणि उजवी बाजू लुळी पडली. मे महिन्यात तो पुन्हा दौऱ्यावर होता. काही वेगवान तुकडे त्याने साधे करून घेतले. 7 डिसेंबर 2024 ला, साओ पावलोच्या कार्यक्रमाच्या दिवशी, त्याने दौऱ्यांतून निवृत्ती जाहीर केली. मी नाईकाला, आता हवालदार आहे तो, फोन करून ही बातमी दिली.

“किती वर्षं झाली त्यांची?” त्याने विचारलं.

“बेचाळीस.”

“बेचाळीस! आपल्यात सुभेदार मेजरला पण एवढी सर्व्हिस मिळत न्हाई, साहेब. जाऊ द्या त्यांना घरी.”