उतरता आकडा

रिपोर्टात आकड्यापुढे ‘जास्त’ अशी ठळक खूण होती. शेजारी छापलेली मर्यादा दहाच्या आत आणि माझ्या नातीचा आकडा हजारांत. जावयांनी तो दोनदा मोठ्यानं वाचला. मुलुंडच्या आमच्या घरात त्या रात्री कुणी धड जेवलं नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळाच्या माकडहाडापाशी गाठ आहे हे सोनोग्राफीत आधीच दिसलं होतं, म्हणून बाळंतपण परळला वाडिया रुग्णालयात केलं. मुलांचं रुग्णालयही तिथंच, १९२९ पासूनचं. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सॅक्रोकॉक्सिजियल टेराटोमा. मला ते उच्चारताही येईना. ३५ ते ४० हजार जन्मांत एखाद्या बाळाला होतो म्हणे, आणि मुलींना मुलांच्या तीन-चार पट. गर्भ घडताना ज्या पेशींपासून कातडी, केस, हाड काहीही होऊ शकतं, त्यातल्या काही माकडहाडाशी राहून जातात आणि वाढतात. नात्यातल्या एकीनं ग्रहण पाळलं होतं का, असं लेकीला विचारलं. डॉक्टर स्पष्ट म्हणाले, “आजी, आईच्या खाण्याचा, वागण्याचा याच्याशी काही संबंध नाही.” हे वाक्य मी नंतर प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं.

बारशाआधीच ऑपरेशन झालं. गाठीबरोबर माकडहाडही काढलं. एवढ्याशा जिवाचं हाड कशाला, मला कळेना. ते मागे ठेवलं तर गाठ परत येण्याचा धोका बराच वाढतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट ग्रॉस यांनी हे १९५१ सालीच दाखवून दिलं होतं. तपासणीत गाठ साधी निघाली. नवजात बाळांत बहुतेक वेळा तशीच निघते.

मग हा आकडा? तो एएफपीचा, म्हणजे अल्फा-फीटोप्रोटीनचा. पोटातल्या बाळाचं यकृत हे प्रथिन भरपूर बनवतं, त्यामुळे जन्मतः प्रत्येक बाळात ते हजारोंनी असतं. सुरुवातीला साधारण पाच-सहा दिवसांनी निम्मं होत जातं, पुढे वेग मंदावतो, आणि मोठ्या माणसांइतकं व्हायला आठ महिने ते वर्ष लागतं. रिपोर्टावर छापलेली मर्यादा मोठ्यांची होती. कॅन्सरची गाठ उगवली तर तीही हेच प्रथिन बनवू शकते, म्हणून डॉक्टर बघतात ते आकडा उतरतोय की पुन्हा चढतोय. केसपेपरच्या मागे त्यांनी उताराची रेघ काढून दिली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आता दुधाच्या हिशेबाशेजारी कालनिर्णयवर मी आकडे लिहिते. रक्त दर वेळी एकाच लॅबमध्ये देतो, म्हणजे आकड्यांची तुलना बिनचूक होते.

दर तीन महिन्यांनी परळ, तीन वर्षं. रक्त, सोनोग्राफी आणि गुदद्वारातून बोटानं तपासणी. ती तपासणी मला बघवत नाही. बाळ आकांत करतं आणि लेक माझा हात घट्ट धरते. पण आत, पुढच्या बाजूला वाढणारी गाठ बाहेरून दिसत नाही, ती बोटाला लागते. शेजारणी म्हणतात, “पोर ठणठणीत आहे, कशाला सुया टोचता?” गाठ परत आलीच तर बहुधा याच तीन वर्षांत येते, आणि लवकर सापडली तर उपचार होतात. ठणठणीत दिसतेय म्हणून मी एकही तारीख चुकू देणार नाही.

जखम भरल्यावर मालिशीची परवानगी मिळाली. माकडहाडावाचून ती छान बसायलाही लागली आहे. या गाठीनं किंवा ऑपरेशननं तिथल्या नसांना इजा झाली असेल तर पुढे शी-शूवर ताबा येताना अडचण होऊ शकते, म्हणून तेही बघत राहायचं आहे. गेले काही दिवस तिला शी खडा होतेय. पुढच्या तारखेला आधी तेच विचारणार आहे.