सुकाणू कोणाच्या हाती?

पन्नाशी उलटल्यावर आमच्या हाती बदलीचे पत्र पडले. स्वहस्ते उभारलेले सारे मागे टाकून नव्या धर्मग्रामाकडे निघालो असता, सिंधुदुर्गाच्या वेशीवर, खारेपाटणच्या खाडीकाठी क्षणभर थांबलो. एके काळी येथवर मालाची गलबते येत. पुढे गाळ साचला, बंदर ओस पडले. आमचे जीवनही असेच गाळात रुतले, असे वाटून मन खिन्न झाले.

तेव्हा वसईचे संत गोन्सालो गार्सिया आठवले. जपानात त्यांनी येशूसंघीयांची सेवा केली. संघात प्रवेश मात्र लाभला नाही. व्यापारात यश आले, तरी जीव रमेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, साधे बंधू म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांना हौतात्म्य आले. १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

प्रभूने त्यांचे पहिले स्वप्न नाकारले, जीवन मात्र सार्थ केले. प्रभूच्या प्रार्थनेतील समर्पणाचे शब्द आम्ही बालपणापासून उच्चारीत आलो. त्या काठावर ते प्रथमच अंतःकरणातून उमटले. वाचकहो, भरतीची वेळ नावाडी ठरवीत नसतो. त्याने केवळ दोर सोडायचा असतो. आम्ही तो सोडला आणि पुढे निघालो.