दोन कुलकर्णी, एक पोस्टमन

जावा न लिहिणाऱ्या नातेवाईक मंडळींनो, पळू नका. ही गोष्ट मुळात पत्त्याची आहे.

एका वाड्यात दोन कुलकर्णी राहतात. वाड्यातल्यांना त्याचा काही त्रास नाही, कारण कोणाकडे कशासाठी जायचं हे जाणाऱ्याला ठाऊक असतं. जावातलं ओव्हरलोडिंग असंच. समजा, 'सेटअमाउंट' नावाच्या दोन मेथड आहेत. एक 'लाँग' घेते, पैशांत. दुसरी 'बिगडेसिमल' घेते, रुपयांत. आपण कुठल्या प्रकारची किंमत हातात दिली ते बघून कंपायलर बरोबर दार ठोठावतो.

पंचाईत होते ती बाहेरून पत्र आल्यावर. जेसनमध्ये नुसतं 'अमाउंट: 1500.50' एवढंच असतं. जेसनला संख्या कळते. लाँग आणि बिगडेसिमल हा भेद त्याच्या गावीही नाही. हे पत्र जावाच्या ऑब्जेक्टपर्यंत पोचवणारा पोस्टमन म्हणजे जॅक्सन ही लायब्ररी. आणि हा पोस्टमन पत्र वाचून दार निवडत नाही. आत काय येणार हे कळायच्या आधी, नुसता क्लास बघूनच ते ठरवून टाकतो.

एक सेटर 'डेट' घेणारा आणि दुसरा 'लोकलडेट' घेणारा असेल, तर जॅक्सन सरळ हात वर करतो: 'कॉन्फ्लिक्टिंग सेटर डेफिनिशन्स'. हातभर लांब स्टॅक ट्रेस, आपली चिडचिड... पण मला हा जॅक्सन आवडतो. कळत नाही तर नाही म्हणतो.

भीती वाटते ती त्याच्या समजूतदारपणाची. 2016 च्या 2.7 आवृत्तीपासून तो काही भांडणं आपणच मिटवतो. प्रिमिटिव्ह आणि ऑब्जेक्ट यांत प्रिमिटिव्ह जिंकतो. नाहीतर स्ट्रिंग आणि इतर यांत स्ट्रिंग. म्हणजे आपल्याकडे लाँग जिंकला. त्यात 2.x मध्ये दशांश छाटून पूर्णांक करायची मुभा आधीपासूनच चालू असते. आले दीड हजार रुपये पन्नास पैसे, आत गेले 1500 पैसे. पंधरा रुपये! एरर नाही, वॉर्निंग नाही. ज्याचे पैसे, त्यालाच कधीतरी कळणार.

उपाय सोपा आहे. रुपयांच्या सेटरवर प्रॉपर्टीचं नाव देऊन 'जेसनसेटर' हे अ‍ॅनोटेशन लावायचं. हे न करता दुसऱ्यावर नुसतं 'जेसनइग्नोर' ठोकलं, तर 1.9 पासून अख्खी प्रॉपर्टीच गळते, तीही गुपचूप. सगळ्यात उत्तम म्हणजे पैसेवाल्या मेथडचं नावच बदलायचं. दारावर पाटी लावायला असा कितीसा वेळ लागतो?

घरातल्या घरात अर्धवट नावं चालतात, कारण बाकीचं आपण मनात भरून घेतो. उंबऱ्याबाहेरच्या माणसाला ती सोय नसते. अशा वेळी तो अडखळला, आपल्याला विचारायला आला, तर वैतागू नये. न विचारता पत्र टाकून जाणारा जास्त महागात पडतो.