बिदरचे पाणी माथ्यावर राहते

भालकी, औराद, उदगीरकडचे पाहुणे बिदरला आले की त्यांचा फेरा ठरलेला असतो. किल्ला, महमूद गवानचा मदरसा, नानक झिरा आणि वेळ उरला तर पापनाश. झिऱ्याचे गोड पाणी बाटलीत भरून घ्यायचे आणि झरणी नरसिंहाच्या भुयारात छातीभर पाण्यातून चालल्याची गोष्ट घरी जाऊन रंगवून सांगायची! पण ही सारी पाणी एकाच घरची आहेत, हे पाहुण्यांना सहसा कोणी सांगत नाही.

बिदर वसले आहे तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर. जांभा सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यातून मुरत खाली जाते, खालच्या काळ्या पाषाणावर अडते आणि आडवे सरकत पठाराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडते. नानक झिऱ्याशी जोडलेली श्रद्धा आहेच. वर्गात भूगोल शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला त्याच जागी जांभ्याची कडाही दिसते.

पंधराव्या शतकात अहमदशहा बहमनीने गुलबर्ग्याहून राजधानी इथे आणली. बहमनींच्या काळी इराणकडून येणाऱ्या माणसांबरोबर तिकडची विद्याही आली. नौबादला तिचा नमुना आहे. कागदोपत्री त्याला कारेझ म्हणतात, आपले लोक सुरंग बावी म्हणतात. माथ्यावर विहिरींसारख्या झरोक्यांची रांग आणि तळाशी त्यांना जोडणारे, हलक्या उताराचे भुयार. झरोक्यांतून माती वर काढायची, गाळ उपसायचा, आत हवा खेळती ठेवायची. मोट नको, पंप नको. पाणी स्वतःच्या पायांनी चालत गावाकडे आणि मळ्यांकडे येते. केरळमधील भूगोलाचे प्राध्यापक गोविंदनकुट्टी यांनी या भुयारांचा माग काढला, २०१४ साली जागतिक स्मारक निधीच्या यादीत बिदर शहराचे नाव आले आणि पुढे नौबादचा गाळ निघाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले, ते आपल्यापैकी कोण विसरेल? त्याच दुष्काळात बिदर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांच्या पुढाकाराने जुन्या विहिरी आणि तळी उपसली गेली.

हे सगळे आठवायचे कारण असे की आता शहरोशहरी तळ्यांच्या सुशोभीकरणाचे दिवस आहेत. सुशोभीकरण म्हणजे काय, तर काठाला दगडी पिचिंग, त्यावर फरशी, रेलिंग, एक कारंजे आणि लॉन. (लॉनला पाणी बोअरचे. तळ्याकाठी बोअर मारणाऱ्यांची मला गंमत वाटते.) उथळ, चिखलाचा, लव्हाळ्याचा काठ ‘घाण’ म्हणून आधी काढला जातो. बगळे, टिटव्या, पाणकोंबड्या पोट भरतात ते नेमके तिथेच. वस्तीतून येणारे पाणी थोडेफार गाळून आत सोडतो तोही हाच काठ. कायद्याकडे बोट दाखवावे तर २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांतून पिण्यासाठी आणि शेतीसाठी मुद्दाम बांधलेली तळी वगळलेली आहेत. आपल्या दख्खनच्या पठारावर बहुतेक तळी माणसानेच बांधलेली! मग उरले कोण?

बिदरला तर काठ राखूनही भागणार नाही. नौबाद आता शहरातच आले. माथ्यावर प्लॉट पडले. एक झरोका बुजला की खालच्या भुयाराचा तेवढा गाळ काढायची वाट बंद. घराघरांचे शोषखड्डे त्याच सच्छिद्र दगडात, म्हणजे वर सोडलेले सांडपाणी उद्या खालच्या झऱ्यात. तेव्हा पापनाशचा किंवा कुठल्याही झऱ्याचा आराखडा करायचा तर पहिली रेघ माथ्यावर ओढावी. झरोक्यांच्या रांगेभोवती बांधकाम नको, मोकळी जमीन हवी, आणि तिथल्या गटारांचे काम कारंज्याच्या आधी.

आणि बाग? ती जरूर हवी. झऱ्याच्या खालच्या अंगाला, वाहून जाणाऱ्या पाण्यावर. घरी आम्ही ‘तोट’ही म्हणतो आणि ‘मळा’ही, दोन्ही शब्दांत काही तरी पिकणे आहे, नुसते हिरवे दिसणे नाही. एकेका गल्लीला एकेक वाफा द्यावा. शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पुंडीची भाजी, पूजेला मोगरा. ज्या बाईच्या वाफ्याचे पाणी आटेल, ती वर काय बुजले याची चौकशी करायला आपणहून जाईल. हे काम पगारी माळ्याकडून होणारे नव्हे.

कलबुर्गीचे शरणबसवेश्वर मंदिराजवळचे तळे, बसवकल्याणचे त्रिपुरांत तळे, तिथला दगड वेगळा, हिशोबही वेगळा मांडावा लागेल. पण तिथेही पाणी येते त्या ओढ्यांचा नकाशा आधी मागा, लॉनचा नंतर.

या उन्हाळ्यात मुलांना घेऊन बिदरला याल तेव्हा नानक झिऱ्याआधी नौबादला थांबा. मुलांचा हात धरून, कठड्यापासून जपून, झरोक्यात डोकवा. एप्रिल-मेमध्ये जावे. पावसाळ्यात सगळीकडेच पाणी असते.