चंदनाचे सरपण

एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा गेल्याने मन तेथे स्वस्थ होते की निर्ढावते, या प्रश्नाने अलीकडे माझा पिच्छा पुरवला आहे. हा प्रश्न देवस्थान, आजोळ किंवा समुद्रकिनारा यांच्या निमित्ताने न उद्भवता खोपोलीजवळच्या इमॅजिका या क्रीडोद्यानाच्या निमित्ताने उद्भवला, एवढ्यावरून तो गौण समजून बाजूला सारावा असे मात्र मला वाटत नाही. माणसाच्या स्वास्थ्याचा विचार करायचाच, तर ते जेथे प्रत्यक्ष अनुभवास आले त्या जागेला धरून करणेच रास्त होय.

2013 साली खोपोली–पाली रस्त्यालगत सांगडेवाडीजवळ हे उद्यान सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्याला जलोद्यानाची जोड मिळाली आणि 2015 साली शेजारीच मुक्कामाचे हॉटेल उभे राहिले. पेणहून आम्ही, आणि वाकण फाट्यावरून पालीमार्गे रोह्याची माझी धाकटी बहीण व तिची मंडळी, अशी दोन्ही घरे तेथे एकत्र येतात. पहिल्या खेपेस दरवाजा उघडण्यापूर्वीच आम्ही हजर होतो. कोणत्या खेळाची रांग आधी धरायची याची तजवीज चिरंजीवांनी आदल्या रात्रीच करून ठेवली होती. आणि ‘नायट्रो’च्या, पाय अधांतरी लोंबत ठेवणाऱ्या त्या गाडीतून उतरल्यावर छातीतली धडधड ओसरण्याच्या आत आम्ही दुसऱ्या रांगेत उभे होतो. सायंकाळी परतताना गाडीत उजळणी चालली होती ती काय पाहिले याची नव्हे, काय राहिले याची. तहसील कचेरीत उमेदीची वर्षे काढलेल्या मला त्या दिवसाचे स्वरूप फार ओळखीचे वाटले. मार्चअखेरीस सारावसुलीसाठी जशी धावपळ उडते, तशीच भरलेल्या प्रवेशशुल्काची ती वसुली होती.

पुढच्या खेपा हळूहळू सैलावत गेल्या. आता आम्ही आदल्या संध्याकाळी मुक्कामाला जातो, सकाळी उन्हे चांगली वर आल्यावर आत शिरतो आणि नकाशा कोणी मागतही नाही. कोणती रांग लांब दिसली तरी भराभर सरकते, कोठे दुपारी सावली असते, कोठला चहा बरा मिळतो, हे ठाऊक झाल्यामुळे वाट पाहण्यातला काच निघून गेला. कारण किती वेळ लागेल हे माहीत नसलेली वाट माणसाला जितकी जाचते, तितकी माहीत असलेली वाट, ती लांब असली तरी, जाचत नाही. शिवाय राहिले तर राहिले, पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणण्याची मुभा जेथे मिळते तेथे अपूर्णतेचाच एक आधार वाटू लागतो. खुर्चीत अधांतरी बसवून पडद्यावर अवघे भारतवर्ष उंचावरून दाखवणारे ‘आय फॉर इंडिया’ मी आवर्जून पाहतो. एरव्ही माझा दिवस ‘राजासौरस’च्या नौका जेथे उतारावरून खाली येतात त्या बाजूच्या एका बाकावर जातो. तेथे तीन आवाज ठरलेल्या क्रमाने येतात: आधी किंकाळी, मग पाण्याचा धबका, आणि क्षणभराच्या शांततेनंतर सर्वांचे एकदम फुटलेले हसू. तो क्रम कधी चुकत नाही, आणि मला त्याचा कंटाळाही आलेला नाही.

या स्वास्थ्याला काही नाव द्यायचे, तर ‘अतिपरिचयादवज्ञा’ हे शाळेपासून कानावर पडलेले वचनच पहिल्याने जिभेवर येते: ओळख वाढली, किंमत उतरली, म्हणून जीव थंडावला. ते ज्या सुभाषितातून आले त्याचा उत्तरार्ध मात्र सहसा कोणी सांगत नाही. मलय पर्वतावरची भिल्लीण चंदनाचे लाकूड सरपण म्हणून चुलीत घालते, असा दाखला कवीने तेथे दिला आहे. आणि गेले काही दिवस ती भिल्लीण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

कवीने तिच्यावर अवज्ञेचा आरोप ठेवला, परंतु तिची जबानी घेतलेली दिसत नाही. फिर्यादीच्या एका बाजूवर निकाल देऊन तो मोकळा झाला. चंदन अमोल आहे हे ठरवले कोणी? ज्याच्या दारात ते उगवत नाही, त्याने. सहाणेवर उगाळलेल्या गंधापुरते ज्याला चंदन ठाऊक, त्याला तिच्या चुलीतले लाकूड पाहून हळहळ वाटावी हे साहजिक आहे. पण त्या झाडाची कोणती फांदी कधी वाळते, ओले असताना त्याचा धूर कसा डोळ्यांना झोंबतो, पावसाळ्यात कोणत्या खोडाला बुरशी धरते, हे त्या हळहळणाऱ्याला विचारले तर त्याच्यापाशी उत्तर नसेल. पेणच्या बाजारात, घरोघर गॅस येण्यापूर्वी, डोंगरावरून आदिवासी बाया मोळ्या घेऊन उतरत, आणि माझी आई त्यांच्याशी घासाघीस करता करता एखादे लाकूड हातात घेऊन हे ऐनाचे की किंजळाचे असे विचारी. मोळीवाली न पाहताच उत्तर देई, कारण बांधताना एकेक लाकूड तिच्या हातून गेलेले असे. धावड्याचा निखारा पुष्कळ वेळ टिकतो हेही तिच्याकडूनच आमच्या घरात कळले. जी वस्तू आपण जाळतो तिची इतकी खडान्‌खडा माहिती असणे याला अवज्ञा म्हणावे काय? परिचयाने आदर गेला असेल, पण आदराच्या जागी जे आले ते आदरापेक्षा खालच्या प्रतीचे होते, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कवीवर होती आणि त्याने ती पार पाडली नाही.

त्याच सुभाषितात आणखी एक कलम आहे: नित्य जाण्याने अनादर होतो. हे पाहुण्याला उद्देशून आहे, आणि त्यात यजमान गृहीत आहे. दुसऱ्यांदा आलेल्याला चहा, चौथ्यांदा आलेल्याला पाणी, हा अनुभव कोणत्याही गावात येतो. परंतु ज्या जागेला यजमानच नाही, जेथे कितव्यांदा आलात हे कोणी विचारत नाही आणि पहिल्या दिवसाइतकेच आतिथ्य प्रत्येक तिकिटावर मिळते, तेथे हे कलम लागू कसे करायचे? तेथे अनादर होऊ शकतो तो एकाच बाजूने, म्हणजे माझ्या. आणि बाकावर बसलेल्या माझ्या मनात त्या जागेविषयी अनादर आहे असे, पुष्कळ चाचपूनही, मला आढळत नाही.

बाकाचे नाव निघाले म्हणून सांगतो. वॉल्ट डिस्ने यांनी पुढे सांगितलेली हकीकत अशी की, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या दोन्ही मुली फिरत्या घोड्यांवर बसत असता ते स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसून राहत, आणि आईबापांना व मुलांना एकत्र रमता येईल अशी एखादी जागा असावी हा विचार तेथे त्यांच्या मनात रुजला; 17 जुलै 1955 रोजी कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे उघडलेले डिस्नेलँड हे त्या विचाराचे फळ. म्हणजे बापाला बाकावरून उठवण्यासाठी हा सारा खटाटोप जन्माला आला, आणि त्याच जातीच्या उद्यानात वारंवार जाऊन मी अखेर बाकावरच येऊन बसलो. यात उद्यानाचे अपयश आहे की त्याच्या हेतूची पूर्तता, हे मला ठरवता येत नाही. कारण तो बाप कंटाळून बसला होता, आणि मी कंटाळलेलो नाही. दोन माणसे एकाच आसनावर एकाच मुद्रेने बसलेली असावीत आणि त्यांच्या मनःस्थितींत दोन ध्रुवांचे अंतर असावे, हे बाहेरून पाहणाऱ्याला कसे कळावे?

सरावलेल्या माणसाच्या मनात नेमके काय असते, हे विचारण्यासाठी मला माझ्याहून अधिकारी माणूस हवा होता, आणि तसा पेणमध्ये शोधावा लागत नाही. येथल्या गणपतीच्या कारखान्यांतून, तसेच हमरापूर, जोहे, जिते या आसपासच्या गावांतून मूर्तिकाम जवळजवळ बारमाही चालते. साच्यातून निघालेली मूर्ती वाळते, घासली जाते, तिला पांढरा हात बसतो, अंगाचा रंग चढतो, पितांबर आणि मुकुट रंगतात, आणि सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी होते. बाकीच्या कामांना हाताखालची मुले चालतात. आखणीला कारखान्यातला मुरलेला हातच लागतो. माझ्या परिचयाचा एक कारागीर हे काम करताना मी कित्येकदा पाहिला आहे. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवून तो कुंचला उचलतो. वरच्या पापणीची रेषा एका दमात येते, मग खालची, मग बुबुळ, आणि शेवटी त्या काळ्यात एक बारीक पांढरा ठिपका. तो ठिपका पडेपर्यंत समोर माती असते. पडला की ती आपल्याकडे पाहू लागते. हे चालू असताना तो भाताच्या भावाविषयी बोलत असतो, मुलाला हाक मारत असतो, रेडिओवरचे गाणे गुणगुणत असतो.

मी त्याला विचारले, की रोज तेच डोळे काढून जीव उबत नाही का. तो म्हणाला, “काका, उबायला लक्ष तिकडं असावं लागतं. थांबून बघायला लागलो की डोळा बिघडतो.”

हे उत्तर मला फार पटले, आणि भिल्लिणीचा खटला मी तिच्या बाजूने जिंकला असे मनाशी धरून उठणार, तोच तो कुंचला पाण्यात बुचकळत पुढे म्हणाला, “घरच्या गणपतीचं मात्र नाही जमत. तो सगळ्यांत शेवटी, कारखाना बंद झाल्यावर घेतो. दरवर्षी हात जड होतो. दोन-दोनदा पुसावं लागतं.”

येथे माझ्या विचाराची घडी विस्कटली ती अद्याप बसलेली नाही. माती तीच, साचा तोच, हात तोच, आणि सरावही तोच; फरक एवढाच की, ते दोन डोळे त्याच्याच घरात राहून त्याच्याकडे पाहणार आहेत. म्हणजे सैलपणा पुनरावृत्तीमुळे येतो हे म्हणणे अपुरे ठरते. ज्या गोष्टीत आपले काही गुंतलेले नाही, तेथेच तो पुनरावृत्तीच्या सोबतीने येतो असे म्हणावे लागेल. रोह्याला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांची सशस्त्र मानवंदना घेऊन ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि गावभर फिरते. माझी बहीण लग्न होऊन त्या गावात गेल्यापासून ही पालखी तिच्या दारावरून दरवर्षी जाते, आणि तरीही दारात सडा पडला का, रांगोळीवर कोणाचा पाय तर पडला नाही ना, निरांजनातले तूप पुरेल का, या काळजीने ती दरवर्षी तितकीच कासावीस झालेली मी पाहिली आहे. किंबहुना वयाबरोबर ती कासाविशी वाढतच आहे. ‘गेल्या वर्षी पाहिली, यंदा राहिली तर राहिली’ असे पालखीविषयी म्हणणारा माणूस मला रोह्यात भेटलेला नाही. इमॅजिकात मात्र हीच बहीण माझ्या शेजारी बाकावर निवांत बसते आणि तिला कशाचीही घाई नसते.

मग आमचे ते निवांतपण म्हणजे अवज्ञेचेच एक सुसंस्कृत रूप आहे काय? जेथे जीव जडतो तेथे माणूस सैलावत नाही आणि जेथे सैलावतो तेथे जीव जडलेला नसतो, असा नियम बांधला तर कवीचे म्हणणे मागच्या दाराने पुन्हा आत येते, आणि भिल्लिणीच्या वतीने मी केलेला युक्तिवाद तिच्यासाठी होता की माझ्या बाकासाठी, अशी शंका मला येऊ लागते. पण नियमही पुरता टिकत नाही. त्या तीन आवाजांची मी वर्षभर आठवण काढतो. ज्यात काही गुंतलेले नाही त्याची आठवण का यावी? शिवाय कासाविशी हीच प्रेमाची खूण मानायची, तर घरातल्या वृद्ध माणसांना एकमेकांच्या सहवासात जे स्वस्थ बसता येते, त्याला काय म्हणायचे?

यंदा माझी धाकटी नात ‘नायट्रो’च्या दाराशी लावलेल्या उंचीच्या पट्टीला पुरेल, असे तिच्या आईने भिंतीवर खूण करून मोजले आहे. दिवाळीच्या सुट्टीची ती आतापासून वाट पाहत आहे, आणि कोणती रांग आधी धरायची याची तिची यादी तयार आहे. ज्या जागेत मला सगळे ठाऊक आहे, त्याच जागेत तिच्यासाठी सगळे प्रथमच घडणार आहे. आणि मला असे वाटू लागले आहे की, माझा विसावा हा माझ्या सरावातून आलेला नसून दर वर्षी कोणी तरी तेथे पहिल्यांदा धावत असते त्यावर तो उभा आहे. ती किंकाळी मारणारे कोणी उरले नाही, सगळेच माझ्यासारखे जाणते होऊन बाकांवर बसले, तर मला तेथे क्षणभर तरी स्वस्थ वाटेल काय, हे मला सांगता येत नाही. आणि तिचीही घाई एक दिवस ओसरावी अशी इच्छा मी करावी की करू नये, हे तर त्याहूनही नाही.